बारीक दाण्याची दारू

आमच्या घरात दारू या शब्दाला कुणी दचकत नसे. डांगे चौकातून आत आलं की भाजीबाजाराच्या मागे वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या, आणि खाली घरमालकाची पिठाची गिरणी. सकाळी गिरणी सुरू झाली की मांडणीवरची भांडी एकमेकांना लागून बारीक वाजत राहायची. आम्हाला त्याची इतकी सवय होती की गिरणी बंद पडली तरच काहीतरी बिघडल्यासारखं वाटे. त्या घरघरीवर आवाज चढवूनच आम्ही बोलायचो. त्यामुळे आबा जेवताना "जुनी दारू संपत आली, नवी अजून आली न्हाई" असं म्हणाले की ते खाली दळणाच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांपर्यंत पोचायचं. नव्याने राहायला आलेल्या एका बाईने आईला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ताई, तुमचे दीर एवढे सज्जन दिसतात, आणि पोरीसमोर असलं बोलतात?" आई हसून म्हणाली, "अहो, ती प्यायची न्हवं. बंदुकीची." त्याने बाईचं समाधान झालं नाही. पुढे कितीतरी दिवस ती आमच्या जिन्यावरून जाताना पाऊल हलकं टाकत असे.

आबा माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. चाकणजवळच्या आमच्या गावातून सैन्यात गेले आणि सगळी नोकरी त्यांनी बंदुका दुरुस्त करण्यात घालवली. परत आले तेव्हा काकू गेलेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं, म्हणून ते आमच्यात राहिले. वडील कंपनीची बस चालवायचे. शिफ्टप्रमाणे त्यांचं घरी येणं-जाणं असे, आणि आठवड्यातले निम्मे दिवस ते मला झोपलेलेच दिसायचे. त्यामुळे घरातलं बोलणं मुख्यतः आई आणि आबा यांच्यात चाले. आई भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये तपासणीला होती. इंजिनाचे सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करून तिच्यापुढे यायचे, आणि त्यांच्या पोटात गेज घालून ती ठरवायची, हा पास, हा परत. शाळा तिची नववीतच सुटली होती. पण केसाच्या कितव्या हिश्शाने माल चुकला ते ती सांगू शकत असे, आणि इंजिनिअर लोक तिच्याशी वाद घालत नसत. घरातही तिचा तोच खाक्या होता. मी म्हणायचे, "आई, मीठ कमी वाटतंय." ती म्हणायची, "वाटतंय ते सांगू नको. चाखलंस का?"

मी आज चाकणच्या एका कंपनीत मोजमापाच्या प्रयोगशाळेची प्रमुख आहे. तिथे वातानुकूलित खोलीत, काचेआड, एक यंत्र आपल्या बारक्या बोटाने वस्तूला स्पर्श करतं आणि आकडे पडद्यावर येतात. कामाला नव्याने लागलेल्या मुलांना मी कधी सांगितलेलं नाही, पण आपण जे मोजलं नाही त्याबद्दल बोलायचं नाही, हे मी कॉलेजात शिकले नाही. ते मी सतराव्या-अठराव्या वर्षी शिकले, आणि सरळ मार्गाने शिकले नाही. म्हणून हे प्रकरण लिहिते आहे.

चाकणच्या पुढे, टेकडीच्या पोटाशी, एका रायफल क्लबाचं मैदान होतं. काडतुसं हाताने भरण्याचा रीतसर परवाना क्लबाकडे होता, आणि त्या खोलीची किल्ली आबांकडे. रविवारी सकाळी आम्ही दोघं एसटीने जायचो, सोबत बाजरीची भाकरी, खर्डा आणि कांदा. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या आबा एकेक करून तपासायचे, साफ करायचे, बार पेटवणारी नवी टोपी बसवायचे, मापाने दारू ओतायचे आणि वरून गोळी दाबून बसवायचे. भरायच्या यंत्राचा लिव्हर खाली आला की 'खट्' असा एक पोकळ आवाज येई. तो आवाज आणि दूर मैदानावरचे बार, एवढंच त्या टेकडीशी ऐकू यायचं. मला बंदूक हातात घेऊ द्यायला त्यांनी वर्ष लावलं. आधी फक्त ऐकायचं आणि बघायचं.

"लोकास्नी वाटतं, नळी गोळीनं झिजती," ते सांगायचे. "गोळीचं कवच तांब्याचं, नळी पोलादाची. तांबं पोलादाला काय खाणार? नळी खाती ती आग, सुमे." काडतूस जिथे बसतं त्याच्या थोडं पुढे, नळीच्या आतला, गोळीला फिरकी देणारा पीळ जिथे सुरू होतो, त्या जागेला ते घसा म्हणायचे. बार झाला की दारूची सगळी धग आधी त्या घशावर येते. तिथलं पोलाद दर बाराला क्षणभर लालबुंद व्हावं इतकं तापतं आणि निवतं. असं होता होता त्याला भेगा पडतात, मग पिळाच्या कडा विरत जातात, आणि मग गोळीला नीट पकड मिळत नाही. "म्हणून दारू निवडायची ती नुसत्या जोरावर न्हाई. एक गार जळती, एक तापट आसती. तापट दारू गोळीला लांब ढकलती, पण घसा खाती. मानसाचं बी तसंच," असं म्हणून ते हसायचे, कारण त्यांच्या खात्यातली निम्मी माणसं दुसऱ्या दारूने गेली होती.

क्लबात तेव्हा वापरत ती गार जळणारी दारू शेवया चिरल्यासारखी होती, लांबट काड्यांची. मापातून ती सरळ पडत नसे, अडकायची. म्हणून प्रत्येक वेळी तराजूवर घ्यायची आणि शेवटच्या चार काड्या चिमटीने एकेक सोडायच्या. एका बैठकीत आबा पन्नास काडतुसं भरत, आणि त्या वेळात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही असा नियम होता.

मी अकरावीत असताना क्लबात मुलींचा गट सुरू झाला. त्यात अर्चना आली. तिचे वडील बीडकडून फरशीच्या कामाला आलेले, राहायला आमच्याच थेरगावात, दोन गल्ल्या सोडून. ती शिवणाच्या क्लासला जायची आणि रविवारी आमच्याबरोबर एसटीत बसायची. पालथं पडून तीनशे मीटरवर नेम धरायचा, ही आमची स्पर्धा. अर्चना नेम धरायची तेव्हा तिचं अंग जमिनीत मुरल्यासारखं स्थिर व्हायचं. मी मेहनत करायचे. तिला ते मुळातच होतं. हे मला तेव्हाही कळत होतं आणि आवडत नव्हतं. मुलींसाठी दोन रायफली होत्या. एक नंबर जुनी. ती शनिवारी क्लबातले मोठे मेंबरही वापरायचे आणि भराभर बार काढायचे. दोन नंबर नुकतीच आलेली, तिच्यातून फारसं काही झाडलेलं नव्हतं. आम्ही दोघी बहुतेक एक नंबरवरच मारायचो.

त्या पावसाळ्यानंतर आबांनी दारू बदलली. नव्या डब्यातली दारू खसखशीसारखी, गोल बारीक दाण्यांची. मापाला ओतली की पाण्यासारखी पडायची, दरवेळी तेवढीच. तराजू लागेना, चिमटी लागेना. पन्नास काडतुसं अर्ध्या वेळात होऊ लागली. गोळीही जोरात जाते म्हणून मेंबर लोक खूश झाले. मी विचारलं, "ही गार की तापट?" आबा म्हणाले, "बघू. चालतीय ना?" त्यांनी कधी असं उत्तर दिलं नव्हतं, पण मी पुढे विचारलं नाही.

वर्ष गेलं असेल. एक नंबरवर माझ्या गोळ्या पसरायला लागल्या. हात चुकला तर मारणाऱ्याला आतून कळतं. घोडा दाबतानाच कळतं की ही गेली. पण इथे हात बरोबर असताना गोळी भलतीकडे जायची, एक उजवीकडे वर, पुढची डावीकडे खाली. तीन रविवार मी ते पाहिलं. चौथ्या रविवारी आबांना म्हणाले, "मला दोन नंबर द्या ना, हिचा दस्ता मला अडचणीचा होतोय." दस्ता अडचणीचा होत नव्हता. रायफल बिघडली आहे असं मला वाटत होतं, आणि तसं म्हटलं असतं तर ती दोघींकडूनही गेली असती, किंवा दोन नंबर वाटून घ्यावी लागली असती. आबांनी मला दोन नंबर दिली. अर्चना एक नंबरवर राहिली. इतक्या वर्षांनी हे वाक्य लिहिताना मी थांबले, उठून चहा करून आले, आणि तरी ते असंच ठेवते आहे.

राज्याच्या शिबिराला क्लबातून एकच मुलगी पाठवायची होती. चाचणीत मी पुष्कळ गुणांनी पुढे राहिले. अर्चनाच्या गोळ्या चाळणीसारख्या पडल्या होत्या. शिकवणाऱ्या सरांनी तिला सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझा हात आता बसत नाही. शिलाईची मशीन चांगली चालवतेस म्हणे, ते कर." तिने रायफल पुसली, जागेवर ठेवली, आणि पुढच्या रविवारी ती एसटीत आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

भोसरीला गुरुवारची सुट्टी असते. त्या गुरुवारी माझ्या निवडीबद्दल आईने मासवड्या केल्या होत्या. सारण भाजल्याचा खमंग वास खाली गिरणीपर्यंत गेला होता. ओल्या फडक्यावर बेसन थापायचं, सारण भरायचं आणि न फुटता गुंडाळायचं, हे काम ती कुणाला करू द्यायची नाही. वडील पण घरी होते. जेवताना त्यांनी विचारलं, "ती दुसरी पोरगी, फरशीवाल्याची, ती तर म्हणे फार चांगली मारायची?" मी म्हणाले, "तिचा हात बिघडला."

आईने रश्श्याची वाटी खाली ठेवली. "दोघी एकाच बंदुकीनं मारत हुत्या?"

"नाही. मी दोन नंबर, ती एक."

"मग हात बिघडला का बंदूक, ते कसं कळलं?"

आबा ताटात बघत होते. आई त्यांना म्हणाली, "भावजी, तुमी मोजलं आसंल की."

"न्हाई मोजलं," आबा म्हणाले.

"मग मोजा."

माझा घास तोंडात तसाच होता. त्या क्षणी मला सगळं सांगता आलं असतं. मी रस्सा ओरपला.

रायफल क्लबाबाहेर नेता येत नव्हती. आबांनी रविवारी एक नंबरच्या घशात वितळलेला गंधक ओतला, निवल्यावर ठोकून बाहेर काढला. आतल्या पोकळीचा हुबेहूब पिवळा ठसा, करंगळीएवढा. दोन नंबरचाही तसाच काढला. दोन्ही रुमालात गुंडाळून सोमवारी दुपारच्या सुट्टीत आम्ही आईच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे एक यंत्र होतं, ज्यात वस्तू ठेवली की तिची सावली मोठी होऊन गोल काचेवर पडते. आईने आधी दोन नंबरचा ठसा ठेवला. काचेवर पिळाच्या कडा उभ्या, धारदार दिसल्या, जिथे सुरू व्हायच्या तिथेच सुरू झालेल्या. मग तिने एक नंबरचा ठेवला. कडाच नव्हत्या. जिथे पीळ सुरू व्हायला हवा तिथे नुसता उतार होता, खडबडीत, आणि पीळ पुष्कळ पुढे जाऊन कुठेतरी उगवत होता. आईने चाक फिरवून अंतर वाचलं. कागदावर लिहिलं नाही, नुसतं सांगितलं. मग म्हणाली, "आमच्याकडं असा पीस आला तर तपासत बी न्हाईत. भंगारात टाकतात."

आबांनी काचेवरच्या त्या उतारावरून बोट फिरवलं. "एवढी खाल्ली," ते म्हणाले.

वर्कशॉपच्या फाटकाबाहेर चहाची टपरी होती. आईची सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. आबांनी कप उचलला आणि बशीत चहा सांडला. त्यांनी कप खाली ठेवला आणि उजवा हात टेबलावर पसरला. तो थरथरत होता, फार नाही, पण थांबत नव्हता.

"दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "चिमटीनं काडी सोडाया गेलो की तीन पडायच्या. एक-एक काडतूस चार-चार बार तोलायचो. मग ही बारीक दाण्याची मिळाली. ही आपली आपण पडती, हात लागत न्हाई. तापट हाय ते मला ठावं हुतं. डब्यावर नाव बघितलं तवाच ठावं हुतं. म्हनलं, थोडी झिजंल. आपुन सोडून कुणाला कळतंय?"

आई म्हणाली, "भावजी, हाताचं सांगितलं आसतं तर कुणी तुमाला बाहेर काढलं नसतं."

"ते तुला वाटतं, शकू. चाळीस वर्सं हाच हात हाय माझा. दुसरं काय येतंय मला?"

आईने तिचा कप संपवला. पदराने तोंड पुसलं. "तुमचा मान तुमी जपलात, ते ऱ्हाऊ द्या. पन त्या पोरीचा काय गुन्हा?"

मी तिथे बसले होते. दोघांनी माझ्याकडे बघितलं नाही, कारण माझ्याकडे बघण्यासारखं काही आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

पुढच्या रविवारी आबा क्लबाच्या कमिटीसमोर गेले. मी उघड्या दाराबाहेर होते. दोन्ही पिवळे ठसे त्यांनी टेबलावर ठेवले आणि सांगितलं की दारू मी बदलली, तापट आहे हे जाणून बदलली, एक नंबरचा घसा गेला आहे, आणि त्या मुलीचा हात बिघडलेला नाही. का बदलली, असं कुणीतरी विचारलं. त्यांनी हात पुढे केला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि आबा बाहेर आले. किल्ली आत ठेवून आले होते. एक नंबर बंद झाली. चाचणी पुन्हा घ्यायची ठरली, दोघींनी दोन नंबरवर आलटून-पालटून मारायचं, आणि काडतुसं कारखान्यातून सीलबंद आलेली वापरायची.

अर्चनाला सांगायला आबा स्वतः गेले, आणि मला घेऊन गेले. ती मशीनवर बसून कुणाच्या तरी ब्लाऊजला बाह्या लावत होती. आबा उंबऱ्यातच उभे राहिले आणि काही आडपडदा न ठेवता म्हणाले, "पोरी, बंदूक माझ्यामुळं खराब झाली. तुझा हात चांगला हाय. रविवारी ये." तिची आई म्हणाली, "आता कशाला बाबा, ती तर सोडून बसली." अर्चनाने दोरा दाताने तोडला आणि विचारलं, "किती वाजता निघायचं?"

त्या रविवारी ऊन होतं, वारा जवळजवळ नव्हता. आधी मी मारलं. मी चांगलं मारलं, माझ्या आतापर्यंतच्या सगळ्यात चांगल्या दिवसांपैकी तो एक होता, हे मुद्दाम सांगते. मग ती पालथी पडली. पहिल्या दोन गोळ्या जरा बाजूला गेल्या, सराव नव्हता म्हणून. त्यानंतर कागदाच्या मधोमध एकच भोक मोठं मोठं होत गेलं. ती सात गुणांनी पुढे गेली. सरांनी निकाल वाचला, आणि शिवणकामाबद्दलचं आपलं वाक्य मात्र परत घेतलं नाही.

परतीच्या एसटीत आबांनी विचारलं, "राग आला?"

"आला."

"माझा?"

मी तिकिटाच्या घड्या घालत राहिले. त्यांना वाटलं, त्यांचाच. त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसले, बाहेर चाकणच्या कंपन्यांच्या भिंती एकामागून एक जात होत्या. मला तिथेच त्यांना सांगायला हवं होतं. ते जाईपर्यंत मी सांगितलं नाही. शेवटची काही वर्षं ते रविवारी मैदानावर बार चालू असल्याचा लाल झेंडा धरून उभे राहायचे. झेंडा जड असतो, त्याने हात कमी थरथरतो, असं ते म्हणायचे.

अर्चना शिबिराला गेली आणि महिन्याने परत आली. राज्याच्या संघात तिची निवड झाली नाही, थोडक्यात राहिली. पुन्हा एसटीत माझ्या शेजारी बसली, जणू मधलं काही घडलंच नव्हतं. मैदानावर पोचल्यावर ती चटई पसरत होती तेव्हा मी तिला सांगितलं. तीन रविवार मला कळत होतं, दस्त्याची गोष्ट खोटी होती, मी मुद्दाम रायफल बदलून घेतली. एका दमात सांगितलं, कारण मध्ये थांबले असते तर राहून गेलं असतं.

ती चटईच्या सुरकुत्या काढत राहिली. मग म्हणाली, "ठाऊक होतं मला."

"कधीपासून?"

"तू दोन नंबर घेतलीस त्या दिवशी तू माझ्याकडं बघितलं नाहीस. तवाच कळलं, काहीतरी हाय."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? आबा तुझे. अन् रोज गोळ्या हुकायला लागल्या की मानसाला वाटायला लागतं, आपलंच चुकायलंय. तुझ्या आईकडं मोजायची मशीन होती. माझ्याकडं काय होतं?"

मला रडू आलं, तिला नाही. ती पालथी पडली, कोपर टेकवले, रायफल खांद्याला लावली, आणि मान न वळवता म्हणाली, "बस इथं. दुर्बीण घे. माझी गोळी जिथं लागंल तिथलंच सांगायचं. बरं वाटावं म्हणून काही सांगू नको."

मी तिच्या डाव्या बाजूला मांडी घालून बसले आणि दुर्बिणीला डोळा लावला. पहिला बार झाला. "नऊ," मी म्हणाले, "खाली डावीकडे." तिने पुंगळी बाहेर काढली आणि दुसरं काडतूस भरलं.